मनगट सोडवायला एका दिवसात शिकले, ओरडायला तीन आठवडे लागले

दोन महिने झाले बेळगावात टिळकवाडीतल्या एका सेल्फ डिफेन्स क्लासला जातेय, बऱ्याच जणींनी कसा आहे म्हणून विचारलं, म्हणून लिहितेय. शनिवार-रविवार संध्याकाळी दीड तास, महिन्याला 800 रुपये, आणि बॅचमध्ये कॉलेजच्या पोरींपासून पन्नाशीतल्या काकूंपर्यंत सगळ्या.

कराटेचे बेल्ट वगैरे काही नाही. पहिल्याच दिवशी मॅडमनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या सोडवून दाखव, मी सगळा जोर लावून मागं ओढत राहिले, हात काय सुटेना. मग दाखवलं की धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथं भेटतात तिथं पकड कच्ची असते, आपलं मनगट त्या फटीकडं वळवायचं, कोपर पुढं घालायचं आणि झटका द्यायचा. सुटला की हात! केस धरले तर डोकं ओढायचं नाही, त्याचाच हात दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट दाबून धरायचा म्हणजे ओढ कमी बसते. मारायची वेळ आली तर मूठ नको, तळहाताचा खालचा भाग, नाकावर. आणि सुटलो की थांबायचं नाही, पळायचं, हे त्या प्रत्येक क्लासला सांगतात.

पण अवघड गेलं ते ओरडणं. वीस बायका हॉलमध्ये उभ्या आणि कुणाच्या तोंडून आवाजच निघेना, लहानपणापासून "हळू बोल गे, शेजारी ऐकतील" हेच ऐकलेलं ना सगळ्यांनी. मॅडम "सोड!" आणि त्याचंच कन्नड "बिडो!" दोन्ही ओरडायला लावतात, कारण बेळगावात बाजूला उभा असलेला माणूस मराठी की कन्नड काय माहीत. 2023 च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फ्री झाली तेव्हापासून आमच्या बसला पाय ठेवायला जागा नसते, पूर्वी कुणी मागून चिकटलं तर मी गप एक स्टॉप आधी उतरायची. गेल्या महिन्यात मोठ्यानं, मराठीत आणि कन्नडात, "मागं सरका, हिंद सरी!" म्हटलं, सगळी बस वळून बघायला लागली आणि तो माणूस दाराकडं गेला. माझे पाय थरथरत होते पण मी माझ्याच स्टॉपला उतरले.

एका रविवारी वकील मॅडम आल्या होत्या, भारतीय न्याय संहितेचं कलम 38 समजावलं, बलात्काराच्या इराद्यानं हल्ला झाला तर स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी स्वसंरक्षणाचा हक्क लागू होतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. हे शाळेतच सांगायला पाहिजे होतं असं वाटलं.

आता न आवडलेलं. एक पाहुणे आले आणि अर्धा तास कपडे आणि उशिरा बाहेर न पडणं यावरच बोलले, मला फार राग आला, पैसे भरून आम्ही तेच ऐकायला आलो होतो का? आमच्या घरी पण बाबा म्हणतात, लवकर घरी ये म्हणजे शिकायची गरज नाही, पण दिवसाउजेडी बसमध्ये झालं त्याचं काय? दुसरं म्हणजे प्रॅक्टिस फक्त एकमेकींवर होते, जाड पॅड घातलेला धिप्पाड माणूस समोर पाहिजे, खरा जोर तेव्हाच कळेल. आणि क्लास सुटतो आठला, खानापूरकडच्या मुलींची बससाठी पळापळ होते, वेळ अलीकडं घ्या म्हणून आम्ही सांगितलंय, अजून बदल नाही.

पहिला क्लास फ्री आहे, बघून ठरवा. ट्रॅक पँट घाला, बांगड्या घरी काढून ठेवा, आणि आईला पण घेऊन जा.