गाडी माझी, बंद-चालू करणारा तो

गाडीला ट्रॅकर लावण्यात 28,799 रुपये गेले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीची कामं करून घेणाऱ्यांनी हे वाचाच.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. गाडी रस्त्यावरच उभी असते आणि बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. गाडी चोरीला गेली तर त्यांना न्यायचं कसं, या धास्तीने ट्रॅकर लावायला गेलो, हौस म्हणून नाही. एका गाळ्याबाहेर पोरगा भेटला. "दादा, चायनीज माल नाही, सर्किट मी स्वतः बनवलंय. फोर-जी आहे. मोबाइलवरून इंजिन बंद होतं." 13,500 रुपये, रोख. बिल मागितलं तर कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला.

मी जिओचं नवं सिम नेलं होतं. त्याने ते घालून पाहिलं आणि परत दिलं. "हे यात नाही चालणार, माझ्याकडचं टाकतो." तिथेच कळायला हवं होतं! जिओला टू-जी नाहीच. म्हणजे आतलं मॉड्यूल टू-जीचं, फोर-जी ही थाप. आणि सिम त्याचं, म्हणजे ट्रॅकरच्या डब्याचा नंबरही त्याच्याच ताब्यात. जिओला टू-जी नाही हे मला चांगलं माहीत होतं, तरी तोंडातून शब्द फुटला नाही. मग त्याने स्वतःच्या मोबाइलवरून एसएमएस केला, "अ‍ॅडमिन सेट करतोय" म्हणाला, म्हणजे डबा कोणत्या नंबरचं ऐकणार ते. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. कोणाचा नंबर टाकतोस, एवढं विचारायचं होतं. पण बाबांना घ्यायची वेळ होत आली होती, माझं सगळं लक्ष घड्याळाकडे.

चार महिन्यांनी त्याचा फोन. "सर्व्हरचे 4,999 बाकी आहेत." मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाबा गाडीत बसलेले आणि गाडी चालू होईना. यूपीआयने पैसे टाकले, दोन मिनिटांत चालू. "तेव्हाच तक्रार का नाही केलीस?" असं विचारणाऱ्यांनी डायलिसिसचा नंबर चुकवून बघावा. महिन्याने आणखी 2,500.

मग ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. फ्युएल पंपाची वायर कापून रिलेच्या, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचच्या, 87 नंबरच्या पिनला जोडलेली, नुसती पिळून टेप गुंडाळलेली. जोडायची असते 87ए ला, म्हणजे डबा मेला तरी पंप चालू राहतो. इथे डबा बंद की गाडी बंद. हायवेवर धावत्या गाडीत हे झालं असतं तर स्टिअरिंग जड, ब्रेक कडक. बाबा शेजारी असतात. वायरिंग दुरुस्तीचे 7,800.

घराजवळच्या चौकीत म्हणाले, "गाडी चोरीला गेलीय का? नाही ना?" काम जिथे झालं तिकडे जा. तिकडे गेलो तर, पैसे मोबाइलवरून गेले ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतःहून पाठवलेत, हा दिवाणी मामला. दिवाणी? गाडी बंद पाडून पैसे उकळणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेत 318 फसवणुकीचं कलम आहे, 308 खंडणीचं. नव्या कायद्यात गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. हे मी त्यांना वाचून दाखवलं, तर "साहेब जेवायला गेलेत". तीन रजा गेल्या माझ्या. तिथल्या बाकावर बसून माणसाला आपणच गुन्हेगार असल्यासारखं वाटतं.

सिम स्वतःच्या नावाचंच घाला. पासवर्ड स्वतः बदला, अशा बऱ्याच डब्यांत 123456 असतो. वायर कापू देताना समोर उभं राहा आणि रिलेचा फोटो काढा. पक्कं बिल नसेल तर गाडीचं बॉनेटही उघडू देऊ नका. डबा, सिम फेकू नका, पुरावा आहे. ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करा.

माझा अर्ज 19 दिवस चौकीत पडून आहे. पोच मागितली की "उद्या या". त्याचा नंबर अजून चालू आहे, रिंग पूर्ण वाजते.