दाराबाहेरचा गळका नळ: वायसर बदलावा की नळच?

मुंबईतल्या चारकोपच्या बैठ्या घरात नुकतीच राहायला गेलेली भाची दाराबाहेरचा गळका नळ दुरुस्त करावा की नवा बसवावा, या पेचात आहे. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला कित्येक लिटर पाणी वाया जाते, म्हणून निर्णय लांबवू नये.

खर्चात वायसर, म्हणजे नळातली रबरी चकती, बदलणे अर्थातच स्वस्त. मेहनतही त्यात कमी, कारण व्हॉल्व्ह बंद करून नळाचे फक्त डोके उघडायचे असते. नवा नळ बसवताना मात्र भिंतीतला जुना जोड पान्याने जपून फिरवावा लागतो आणि गंजलेला जोड आतच तुटला, तर भिंत फोडण्याची वेळ येते. टिकाऊपणा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, आणि तो आतल्या बैठकीवर, म्हणजे वायसर जिथे टेकतो त्या कडेवर, ठरतो. डोके काढल्यावर तिथे बोट फिरवावे: कडा गुळगुळीत लागली तर नवा वायसर घट्ट बसतो, खरबरीत लागली तर तो थोड्याच दिवसांत कापला जातो.

नळ तोंडातून ठिबकत असेल आणि बैठक शाबूत असेल, तर वायसरच बदलावा. खाऱ्या हवेने आटे झिजले असतील किंवा नळाला चीर गेली असेल, तर नवा पितळी नळ प्लंबरकडून बसवून घ्यावा.