बाण हरणाच्या पाठीवरूनच का जातो: ४५ पौंडी रिकर्व्ह, आठ महिन्यांनंतर

धनुष्य ६२ इंची टेक-डाउन (सुटे करता येणारे) रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले), लिम्बवर (वाकणाऱ्या पात्यावर) ४५ पौंड, म्हणजे ओढायला लागणारा जोर, छापलेले. वापर एप्रिल ते नोव्हेंबर, विस्कॉन्सिनमध्ये, व्हाइटटेल हरणासाठी. (भारतातल्या वाचकांसाठी: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे हरणाची शिकार बंद आहे. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याचा वेगळा हंगाम १९३४ पासून चालू आहे.)

धनुष्यात दोष नाही, तरीही हंगामाच्या सुरुवातीला बाण लागोपाठ हुकले आणि सगळे हरणाच्या पाठीवरून गेले. पारंपरिक धनुष्यात असे हुकणे नेहमीचेच. त्याची कारणे शोधता शोधताच या धनुष्याची खरी ओळख झाली, म्हणून हा अनुभव त्याच अंगाने.

आधी जोडणी. छापलेला आकडा २८ इंच ओढीचा (दोरी किती मागे खेचली त्याचा) असतो. ओढ २७ इंच भरत असेल तर हाताला ४२-४३ पौंडच येतात. विस्कॉन्सिनमध्ये कायद्याने किमान ३० लागतात, तेव्हा हे पुरेसे आहे. ५० पौंडांचे लिम्ब घेण्याचा मोह टाळावा. दोन तास थंडीत बसून आखडलेल्या खांद्यांनी ते पूर्ण ओढले जात नाही. मग ओढ इंचभर आखूड राहते, बोटे घाईने सुटतात आणि खापर धनुष्यावर फुटते.

डॅक्रॉनची दोरी पहिल्या शंभरेक बाणांत ताणली जाते आणि ब्रेस हाइट (मूठ आणि दोरीतले अंतर) उतरते. दोरीला पीळ देऊन ती पावणेआठ ते आठ इंचांवर आणली की आवाज लगेच बसतो. दोरी चढवताना स्ट्रिंगर (धनुष्य वाकवायची जाड दोरी) वापरा. पायात अडकवून चढवली तर लिम्ब पिळवटतो. बाण ५०० स्पाइनचे (दांड्याच्या ताठपणाचा आकडा) कार्बन, साडेएकोणतीस इंच, ५० ग्रेनचा इन्सर्ट (टोक बसवायचा तुकडा) आणि १५० ग्रेनचे दोन पात्यांचे ब्रॉडहेड (शिकारीचे धारदार टोक). एकूण वजन ४६० ग्रेनच्या आसपास, म्हणजे ३० ग्रॅम. शेल्फवरून (मुठीवरच्या, बाण टेकवायच्या कप्प्यावरून) मारायचे तर पिसेच हवीत. प्लॅस्टिकचे व्हेन (पिसांऐवजी लावायची पाती) शेल्फला आपटतात. बिनपिसांचा बाण मारून पाहा. उजव्या हाताने मारणाऱ्याचा हा बाण इतरांच्या उजवीकडे गेला तर स्पाइन कमजोर, डावीकडे गेला तर ताठ.

आता वरून जाण्याचे गणित. हा बाण सेकंदाला सुमारे ५० मीटर जातो. २० यार्ड म्हणजे १८ मीटर, म्हणजे ०.३६ सेकंद. दोरीचा आवाज तिथे ०.०५ सेकंदात पोचतो. हरणाला दचकायला दशांश सेकंद लागतो असे धरले तरी उरलेल्या ०.२ सेकंदात ते २० सेंटिमीटर खाली बसू शकते. पळण्याआधी ते पाय दुमडते, बाण चुकवायला नव्हे. हेच १२ यार्डांवर करून पाहा: जेमतेम चार सेंटिमीटर. म्हणून या धनुष्याची शिकारीची हद्द १५ यार्ड धरा आणि नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर ठेवा. दोरीवर दोन्ही टोकांकडून पाव अंतरावर लोकरीचे गोंडे बांधा. आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही.

दुसरे कारण झाडावरच्या स्टँडचे (मचाणाचे), आणि त्याबद्दल गैरसमज फार. उंचीच्या कोनाला दोष देतात, पण १८ फूट उंचीवरून जमिनीवरचे १५ यार्ड तिरके मोजले तर फक्त १६ यार्ड होतात. खरी भानगड शरीराची आहे. खाली मारताना लोक नुसता धनुष्याचा हात खाली नेतात, खांद्यांची रेघ मोडते, ओढ आखूड होते आणि गाल दोरीपासून सुटतो. आधी समोर सरळ ओढायचे, मग कमरेतून वाकायचे. सराव सुरक्षा-पट्टा बांधून, उंचावरूनच करा. मैदानातले शंभर बाण इथे कामाला येत नाहीत. खालचा लिम्ब स्टँडच्या कठड्याला लागतो का, तेही दिवसाउजेडी पाहून ठेवा.

सर्वांत जास्त फरक पडला तो फिक्स्ड क्रॉलने, म्हणजे बोटे दोरीवर ठरावीक अंतर खाली धरण्याने. तिन्ही बोटे बाणाखाली धरली तरी टोक थेट नेमावर ठेवायचे अंतर ३५ यार्डांच्या पुढे असते. जवळच्या हरणावर टोक बरेच खाली धरावे लागते, आणि हरीण पुढ्यात आले की हा हिशेब डोक्यातून जातो. उपाय असा: नॉकच्या (बाणाच्या मागच्या खाचेच्या) साधारण इंचभर खाली दोरीवर दोऱ्याची दुसरी गाठ बांधायची आणि बोटे तिच्याखाली धरायची. गाठ अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवत २० यार्डांवर टोक आणि नेम जुळवा. मग १२-१५ यार्डांवर बाण काही इंच वर लागतो, तेवढे लक्षात ठेवले की झाले. किंमत अशी की खालच्या लिम्बवर ताण वाढतो आणि धनुष्य जास्त वाजते. नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक बसते ती जागा) किंचित वर घेऊन आणि ब्रेस हाइट पुन्हा जुळवून ते बरेचसे आवरते. लांबच्या लक्ष्यांचा खेळ मात्र यात बिघडतो. थ्रीडी स्पर्धा (प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम मारायच्या) खेळणाऱ्याने दुसरी दोरी ठेवावी.

सरावात मोजायचा तो दिवसाचा पहिला बाण: हात न तापवता, जाड कोट घालून, सहा इंची कागदी ताटलीवर. तो सलग दहा दिवस ताटलीत पडत नसेल तर अंतर कमी करा. बाही दोरीला घासते हेही याच बाणात कळते. आर्मगार्ड कोटावरून बांधा.

तक्रारी दोन. शेल्फवरची चटई सहा महिन्यांत झिजली. आणि पावसात पिसे चपटी होतात, बाण भरकटतो. जलरोधक पावडर लावली तरी मुसळधार पावसात हे धनुष्य खोलीतच बरे.