पहिला चाबूक: बुलव्हिप घ्यावा की स्टॉकव्हिप?

चाबूक कडाडवायला शिकायचं मनात आलं की लोक आधी विचारतात, "किती फुटी घेऊ?" किंवा "कातड्याचा की नायलॉनचा?" हे प्रश्न बरोबर आहेत, पण त्यांची पाळी नंतरची. आधी ठरवा, तुम्हाला नेम साधायचाय की ताल धरायचाय. स्टँडला अडकवलेला कागद कापणं, खांबाला विळखा घालणं, मोजका पण नेमका फटका मारणं यात मजा वाटत असेल तर बुलव्हिप. एका कडाक्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा काढत लय धरायची असेल आणि पुढेमागे दोन्ही हातांत दोन चाबूक फिरवायचे असतील, तर स्टॉकव्हिप. दोन्हींवर दोन्ही करता येतं हे खरं. पण प्रत्येकाची घडण एका बाजूला झुकलेली आहे आणि नवख्याला ती लगेच जाणवते.

फरक मुठीत आहे. बुलव्हिपची मूठ आखूड, साधारण 8 ते 12 इंचांची, आतून कडक. तिच्यावरची वीण न तुटता तशीच पुढे चाबकाच्या अंगात उतरते, मधे सांधा नसतो. स्टॉकव्हिप हा ऑस्ट्रेलियातल्या गुराख्यांचा. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला घोडेस्वाराने मैदानात येऊन कडाडवला होता तो हाच. त्याचा दांडा दीड फुटाच्या आसपास असतो आणि चाबकाचं अंग दांड्याच्या टोकाला चामड्याच्या फासांनी अडकवलेलं असतं. या फासांना कीपर म्हणतात. हा सांधा बिजागरीसारखा मोकळा हलतो.

एवढ्याशा सांध्याने शिकणं बदलतं. वापरलेल्या बुलव्हिपला एक नैसर्गिक वाक पडतो आणि फेकताना तो वाक ज्या दिशेला आहे त्याच दिशेने अंग उलगडावं लागतं. मूठ हातात थोडी जरी फिरली तरी चाबूक पिळला जातो, फटका वाकडा जातो, आणि वारंवार तसंच झालं तर वीणही बिघडते. म्हणजे मनगट कुठे बघतंय याकडे सतत लक्ष हवं. स्टॉकव्हिपमध्ये अंग दांड्याला लोंबतं, त्यामुळे ते बरंचसं आपलं आपणच सरळ होतं. शिवाय लांब दांड्यामुळे हाताची छोटी हालचालही टोकाशी मोठी होऊन पोचते. नवख्याचा पहिला स्वच्छ कडाका स्टॉकव्हिपवर लवकर निघतो, तो यामुळे. याची दुसरी बाजू अशी, की त्या मोकळ्या सांध्यामुळे टोक नेमकं कुठे जाईल यावरचा ताबा थोडा सुटतो. बुलव्हिप हाताचंच लांबलेलं बोट असल्यासारखा वागतो. म्हणून नेमाचे खेळ करणारे बहुतेक जण त्याच्याकडे वळतात.

खरेदी करताना एक गोम लक्षात ठेवा. बुलव्हिपची लांबी सहसा मुठीसकट मोजतात, स्टॉकव्हिपची दांडा सोडून. म्हणजे दोन्हींवर "6 फुटी" लिहिलेलं असलं तरी स्टॉकव्हिप प्रत्यक्षात दीडेक फूट जास्त पोचतो. शेवटची एकेरी वादी, म्हणजे फॉल, आणि तिला बांधलेला दोऱ्याचा क्रॅकर सहसा दोन्हींच्या मापात धरत नाहीत. मोकळी जागा आखताना मात्र ते धरा.

लांबीबद्दल माझं मत ठाम आहे: 6 फूट. 3-4 फुटी चाबूक हाताळायला सोपा दिसतो, पण तो भराभर फिरतो, चुकलं कुठे ते कळायच्या आत फटका होऊन जातो, आणि टोक चेहऱ्याच्या फार जवळ फुटतं. 8-10 फुटी चाबूक संथ असतो, वेळ साधायला सवड देतो, पण खांदा दमवतो आणि वळवताना जमिनीवर घासतो. कडाके जमायला लागले की मग आखूड घ्या.

साहित्याच्या बाबतीत मी पहिल्या चाबकाला नायलॉनच सुचवेन. पॅराकॉर्डने, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोरीने, विणलेल्या चाबकाला ओल चालते, तेल-मेण लागत नाही, खरखरीत जमिनीवर आपटला तरी जीव हळहळत नाही. चांगल्या नायलॉन चाबकाच्या गाभ्यात वजनासाठी धातूचे छर्रे भरलेले असतात. तसं वजन नसेल तर तो वाऱ्यावर भरकटतो. कातड्यात कांगारूचं कातडं नावाजलेलं आहे, कारण जाडीच्या मानाने ते फार चिवट असतं. त्याच्या अगदी बारीक वाद्या कापून 12 किंवा 16 पदरी वीण घालता येते. त्या चाबकाचा हातातला जडपणा आणि उलगडतानाची सलगता नायलॉनला येत नाही, हे मान्यच. पण सुरुवातीचे सगळे आडवेतिडवे फटके अशा चाबकाने का सोसावेत?

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको, ती म्हणजे निमुळतेपणा. हात थांबला की चाबकात एक वळसा तयार होतो आणि टोकाकडे धावत सुटतो. अंग निमुळतं होत जातं तसा त्याचा वेग वाढतो, शेवटी तो ध्वनीचा वेग गाठतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटर. आपण ऐकतो तो कडाका म्हणजे छोटासा ध्वनिस्फोट. अलँ गोरिएली आणि टायलर मॅकमिलन यांनी 2002 मध्ये गणिताने दाखवलं, की स्फोट घडवतो तो हा धावणारा वळसा. त्या क्षणी टोक स्वतः ध्वनीच्या दुप्पट वेगाने जात असतं. भिंतीवर लावायला बनवलेले शोभेचे चाबूक मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचे असतात. ते कितीही जोरात ओढा, नुसता सूं आवाज येतो. आणि चांगल्या चाबकाला जोर लागतच नाही. दंड भरून आला असेल तर तंत्र चुकतंय.

सराव कुठून सुरू करायचा हेही दोन्हींत वेगळं. बुलव्हिप मागे जमिनीवर सरळ पसरा, हात शरीराच्या बाजूने उभ्या रेषेत वर आणा आणि समोर खांद्याच्या उंचीला थांबवा. थांबवणं महत्त्वाचं. वळसा तिथूनच सुटतो. हात तिरका आला की टोक कानाजवळून जातं, म्हणून ती उभी रेषा शरीरापासून जरा दूरच ठेवा. स्टॉकव्हिपवर हाच फटका आधी येतो, पण लवकरच पुढे-मागे कडाके जोडायला सुरुवात होते आणि 'सिडनी फ्लॅश', 'क्वीन्सलँड क्रॉसओव्हर' अशा ऑस्ट्रेलियन नावांच्या मालिका खुणावू लागतात. शिकवणारं कोणी नसेल तर फोन समोर, टप्प्याबाहेर उभा करून चित्रण करा. हात तिरका जातोय की नाही ते बाजूने कळत नाही.

स्नेकव्हिपला कडक मूठ नसते, गुंडाळून पिशवीत मावतो, पण पहिला म्हणून घेऊ नये. फ्लोरिडाकडचा काऊव्हिप लाकडी दांड्याचा आणि बहुधा नायलॉनचा. तो मिळाला तर स्टॉकव्हिपच्या जागी खुशाल घ्या.

गॉगल, टोपी, लांब बाह्या आणि कानात बोळे, हे दोन्हींना लागू. चाबूक, फॉल, क्रॅकर आणि तुमचा हात यांची मिळून जेवढी लांबी होईल तिच्या दीडपट अंतर चारही बाजूंना मोकळं हवं, आणि वर तारा नकोत. फरशीपेक्षा गवत बरं.

क्रॅकर करायला पहिल्याच दिवशी शिका. नायलॉन दोऱ्याचे काही पदर घेऊन पीळ भरायचा, मधोमध दुमडायचं म्हणजे पीळ स्वतःभोवती बसतो, मग गाठ मारून पुढे इंच-दीड इंचाचा गोंडा मोकळा सोडायचा. सरावात गोंडा पिंजतो, झिजतो, आवाज बोथट होतो. पुष्कळ जण तेव्हा आपल्या तंत्राला दोष देत बसतात. फॉलही झिजतोच, म्हणून तो बदलता येणारा आहे ना ते घेतानाच पाहा.

आणि दोन हातांनी खेळायचा विचार नक्की असेल तर जोडी एकदमच घ्या, एकाच कारागिराकडून. लांबी कागदावर सारखी असूनही गाभ्याचं वजन थोडं वेगळं निघालं, तर एक हात सारखा दुसऱ्याच्या मागे पडतो.