दफ्तरासाठी सरकारदरबारी जाताना: वारसा पुढे करावा की दाखला?

जुन्या कागदपत्रांसाठी निधी आणि माणसं मागायला एखादी संस्था निघाली की पहिला प्रश्न हाच पडतो: हा आपला वारसा आहे असं सांगावं, की आजच्या कामात पुरावा म्हणून, म्हणजे दाखला म्हणून, त्यांचा होणारा उपयोग दाखवावा? मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय, म्हणून लिहितो.

वारशाची बाजू पुण्यात मांडायला सोपी. पेशव्यांच्या कारभाराच्या कागदांचं पेशवे दफ्तर आपल्याच गावात, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० साली काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत. १९३० ते १९३४ या काळात इतिहासकार गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले आणि ते खुद्द मुंबई सरकारने छापले, हा मुद्दा तर फार वजनदार. प्रदर्शन भरवलं की लोकप्रतिनिधी येतात, मनापासून बघतात. या वाटेने जोडलेली माणसं पुढे वर्षानुवर्षं साथ देतात, हेही खरं.

मला खुपलं ते त्यानंतरचं. निवेदनावर 'उचित कार्यवाहीस्तव' असा शेरा पडतो आणि ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहतं. शेवटी एका अधिकाऱ्यांनी समोर बसवून विचारलं, "नेमकं किती हवंय, कोणत्या लेखाशीर्षातून, आणि नाही दिलं तर कोणाचं अडेल?" प्रश्न रास्त होता. 'अमूल्य ठेवा' या भाषेत त्याचं उत्तर बसत नाही.

दाखल्याच्या वाटेवर ते बसतं. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती जुन्या मोडी कागदांतही कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा मोडी जाणकारांची गरज सरकारलाच भासली. इनाम, वतन, देवस्थानच्या जमिनी यांचे वादही जुन्या कागदापाशी येतात. म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही एकच पान नेलं. डावीकडे मोडी कागदाचा फोटो, कड झिजून दोन ओळींची शेवटची अक्षरं गेलेली. उजवीकडे त्याचं बाळबोध, म्हणजे देवनागरी, वाचन, गेलेल्या अक्षरांच्या जागी नुसती टिंबं. गेलं होतं ते गावाचं नाव. साहेबांनी पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "असे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) किती असतील?" बोलणं तिथून मोडी वाचकांच्या पदांवर आणि कागद दुरुस्तीच्या खर्चावर आलं.

या वाटेत धोका आहे, नाकारत नाही. उपयोगच दाखवत बसलं तर खासगी पत्रं, कोठीचे हिशेब असे कागद मागे राहू शकतात. म्हणून मागणी नोंदींपुरती ठेवू नये. ओल, वाळवी, छप्पर, कागद दुरुस्ती असं लिहावं, म्हणजे त्या छपराखालचा प्रत्येक रुमाल तगेल.

तुमच्याकडे चांगला वक्ता आणि भरपूर सवड असेल, तर वारशाने सुरुवात करायलाही हरकत नाही. मी मात्र पहिलं पान दाखल्याचं ठेवीन, त्यामागे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ ची प्रत लावीन आणि प्रदर्शनाचं आमंत्रण सोबत जोडीन. राज्याचा अर्थसंकल्प मार्चच्या सुमारास येतो, खात्यांचे प्रस्ताव त्याच्या बऱ्याच आधी तयार होतात. तेव्हा भेट दिवाळीच्या आत मागा.