ऑक्सिमीटर लेहला नेलं होतं, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

तालुक्याच्या मेडिकलातून ६५० रुपयाला घेतलेलं बोटात लावायचं ऑक्सिमीटर, त्याच्याबद्दल लिहून राहिलो. कंपनीचं नाव नाही लिहत, या भावातले सगळे एकाच मशीनचे भाऊबंद वाटतात मला. आधीचं कोरोनात घेतलेलं होतं पण ते पोट्ट्यानं बकेटीत बुडवलं.

आम्ही आर्वीकडले, गाव समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर असंल नसंल. आमच्यासाठी उंच म्हणजे चिखलदरा, अन् तो पण अकराशे मीटर. पोळा झाला, फवारणी आटोपली अन् मी, साळा अन् काकाजी (वय ६२) नागपूरहून रेल्वेनं दिल्ली अन् तिथून विमानानं थेट लेह, ३,५०० मीटर. म्हणजे सकाळी चहा खाली प्यायलो अन् दुपारचं जेवण ढगांच्या बरोबरीनं.

नागपूर स्टेशनवर तिघांच्या रक्तातला ऑक्सिजन मशीनवर ९७-९८ टक्के होता. लेहच्या हॉटेलात लावलं तं माझं ८६, साळ्याचं ८८, काकाजीचं ८३. साळा घाबरलाच, म्हणे भाऊजी, कोरोनात एवढ्यावर ॲडमिट करत होते न बाप्पा! त्याचं चुकलं नाही, पण इथं फुप्फुस खराब नव्हतं, हवाच पातळ होती. ऑक्सिजन तिथंही २१ टक्केच असते, हवेचा दाब मात्र समुद्राकाठच्या दोन तृतीयांशावर येते, म्हणून प्रत्येक श्वासात माल कमी.

आता मजा अशी की श्वास घ्यायची घाई शरीराला जास्त करून ऑक्सिजन कमी झाल्यानं होतच नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्यानं होते. लहानपणी विहिरीत बुडी मारायच्या आधी आपण जोरजोरात श्वास घ्यायचो न, त्यानं ऑक्सिजन फार वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड निघून जाते, मग दम लागलाच नाही असं वाटते अन् ऑक्सिजन संपून पोरगं पाण्यातच बेशुद्ध पडू शकते. (तुमच्या पोरांना हे करू देऊ नका, खरंच सांगतो.) ऑक्सिजनवर नजर ठेवणारे दाणे गळ्यातल्या मोठ्या नाड्यांजवळ असतात, त्या शोधासाठी बेल्जियमचे शास्त्रज्ञ कॉर्नेल हेमन्स यांना १९३८चं नोबेल भेटलं. ते दाणे रक्तातला ऑक्सिजन बराच खाली गेला की मग जोरात बोंबलतात.

पहिल्या रात्री याचाच तमाशा पाहिला. काकाजी झोपेत भराभर श्वास घेत, मग एकदम बंद. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. मी टॉर्च लावून मशीन बोटाला लावलं, ७४, मग ८१, मग परत खाली. माझाच जीव गळ्यात आला. हॉटेलवाला म्हणे नवीन माणसाला होतेच असं. झालं काय की गळ्यातले दाणे म्हणतात ओढ, ओढल्यानं कार्बन डायऑक्साइड उडून जाते, मग कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवणारा मेंदूतला पहारेकरी म्हणते आता कशाला, थांब. जोडीतला एक बैल ओढून राहिला अन् दुसरा अडून बसला, तसं. सकाळी काकाजी उठून विचारते, "काहून बे, रात्रभर माह्या बोटाले काय करून रायला होता?"

ही ओढाताण मिटवते किडनी. कार्बन डायऑक्साइड उडून रक्त क्षारी झालं की किडनी बायकार्बोनेट (रक्तातला क्षार) लघवीवाटे फेकते, अडलेला बैल सुटते, पण त्याला काही दिवस लागतात. डॉक्टरनं दिलेली ॲसिटाझोलामाइडची गोळी हेच काम लवकर करवते. बोटात मुंग्या येतात, लघवीला पळावं लागते अन् सोडा प्यायला तं नुसतं पाणी लागते. सल्फाची ॲलर्जी असंल तं डॉक्टरला आधी सांगा. आमच्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला सिकलसेलची (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) टेस्ट झाली का, कारण ऑक्सिजन कमी झाला की त्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. एसएस (म्हणजे पुरा आजार) असंल तं धोका मोठा, एएसवाल्यानंही (म्हणजे नुसता वाहक) विचारूनच जावं, प्लीहेला त्रास होऊ शकते. आपल्या विदर्भात हे घरोघरी आहे म्हणून मुद्दाम लिहून राहिलो.

दोन दिवस नुसतं लोळलो, तिसऱ्या दिवशी माझं ९१, काकाजीचं ८८. मशीनचा फायदा इथं आहे, एक आकडा पाहून घाबरायसाठी नाही, आकडा कोणीकडे चालला ते पाहायसाठी. अन् आकडा बरा असला तरी डोकं ठणकून ओकारी होत असंल, चाल झोकांडत असंल किंवा बसल्या जागी दम लागत असंल तं खाली उतरायचं.

लेहच्या वरच्या खरदुंगला घाटात (५,३५९ मीटर) मशीननं दगा दिला. बोटं गारठलेली, नुसत्या रेघा दाखवत होतं. ते लाल अन् इन्फ्रारेड उजेड बोटातून पार करून मोजते, थंडीत बोटात रक्तच कमी येते तं काय मोजणार. काखेत हात गरम केले तेव्हा ७६ आलं, पंधरा मिनिटात खाली पळालो. नेलपॉलिशवरही भरोसा नाही. आणखी एक, ते टक्केवारी दाखवते, रक्त किती आहे ते नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बाईलाही ९८ दाखवंल.

साळ्यानं ऑक्सिजनचा डबा पण घेतला होता, त्याला १ स्टार. दहा लिटर लिहिलं होतं, मिनिटाला दोन लिटर सोडला तं पाच मिनिटात खल्लास. आकडा चढते, डबा काढला की परत तिथंच.

ऑक्सिमीटरचा एक स्टार कापला कारण उन्हात डिस्प्ले दिसत नाही, क्लिप ढिली आहे अन् खोक्यात सेल नाहीत. रिमोटचे बारीक सेल दोन लागतात, चार घेऊन जा, अन् थंडीत खिशात अंगाजवळ ठेवा.