शेत आत्ताच वाटावं की मृत्युपत्र लिहून ठेवावं?

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झोका होतो, सांजोऱ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाशेजारी हक्कसोडीचा कागद सरकवला जातो. "आपल्यात पोरींना वाटा नसतो, पूर्वापार रीत आहे." सत्तरीच्या बापाने वाटणीपत्र करावं की मृत्युपत्र, हे ठरवण्याआधी ही पूर्वापार रीत जरा तपासून घ्यावी.

१८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या रेग्युलेशनने ठरवलं की छापील कायदा नसेल तिथे आधी रिवाज बघायचा, मग शास्त्र. म्हणजे रीत साक्षीदार आणून कोर्टात शाबीत करावी लागे आणि एकदा निकालात आली की दगडावरची रेघ होई. शास्त्र तरी कुठे एक होतं? मिताक्षरा आणि मयूख असे धर्मशास्त्राचे दोन ग्रंथ. उरलेल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी मिताक्षरेचा शब्द शेवटचा, पण पुणे, नगर आणि खान्देशात मयूखालाही जवळपास तेवढाच मान. बायको-मुलं नसलेला माणूस गेला तर मिताक्षरा आधी आईला वारस करते, मयूख बापाला. कुठली रीत पूर्वापार म्हणायची, तुम्हीच सांगा.

मृत्युपत्र आपल्याकडे मुरलं ते इंग्रजी अमलात. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याचं तर ते करताच येत नसे. उरलेल्या मिळकतीचं खान्देशात १ जानेवारी १९२७ पर्यंत तोंडी केलेलंही चाले. आमच्या पणजोबांनी ओसरीवर पाच माणसांसमोर सांगितलं होतं, "विहिरीचा मळा धाकट्याला." भांडण उभं राहिलं तोवर पाचातले तिघे गेलेले, चौथ्याला ऐकू येईना आणि पाचवा धाकट्याचा सासरा. मोडीत उतरवलेल्या जबान्या अजून ट्रंकेत आहेत.

आता ते लेखीच लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. साक्षीदार बापापेक्षा वयाने बरेच लहान बघा. नोंदणी सक्तीची नाही, खान्देशातल्या मिळकतीला प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टातून शाबीत करून घेण्याची, सक्ती नाही, स्टॅम्प ड्यूटी नाही. मन बदललं तर उद्या दुसरं करता येतं. मुख्य म्हणजे बापाच्या हातात शेवटपर्यंत काहीतरी राहतं. सातबारा नावावर असला की पोरं चौकशीला येतात, हे कोणी उघड बोलत नाही एवढंच. पण मेख अशी की वडिलोपार्जित शेतात बाप फक्त स्वतःचा हिस्सा लिहून देऊ शकतो. बाकीच्यांचा हिस्सा त्याचा नव्हेच. आणि कागद उघडतो तेव्हा समजावून सांगायला तो नसतो.

वाटणीत सगळे समोर बसतात. २००५ पासून मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे आणि बाप तेव्हा हयात नसला तरी तो मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. "आमची तोंडी वाटणी कधीच झाली" हे सहसा टिकत नाही, सरकारी कागदाचा आधार लागतो. बापलेकांच्या वाटणीत आईलाही मुलाइतका वाटा, हे तर इंग्रजी कोर्टांपासून आपल्याकडे चालत आलंय; पूर्वापार म्हणणाऱ्यांना नेमकं हेच आठवत नाही. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांसमोर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ ने वाटप होतं. मात्र झालेली वाटणी एकट्याच्या मर्जीने मोडता येत नाही, म्हणून बापाने स्वतःचा आणि बायकोचा हिस्सा वेगळा राखल्याशिवाय सही करू नये. तुकडे लहान पडणार असतील तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. तलाठ्याला आधीच विचारा.

भिल्ल-पावरा घरांना यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागत नाही, तिथे अजून रिवाजच बघितला जातो. नंदुरबार, शिरपूर, चोपड्याकडच्या वाचकांनी आधी वकील गाठावा.

माझं मत विचाराल तर वडिलोपार्जित शेताची वाटणी जिवंतपणी करावी, लेकींना बरोबरीने बसवून. स्वकमाईचं घर, ठेवी आणि आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करावं. लेकीला हक्क सोडायचाच असेल तर तिने तो आपल्या घरी चार दिवस विचार करून सोडावा, आखाजीच्या पाहुणचारात नको.

आणि पाणी विसरू नका. पणजोबांच्या त्याच मळ्याची पुढे आमच्या काकांमध्ये रीतसर वाटणी झाली. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, सगळं चोख. विहिरीबद्दल मात्र अक्षर नाही. मग एकाने मोटर लावायची, दुसऱ्याने येऊन बटण बंद करायचं, असं अकरा वर्षं चाललं. शेवटी आजीने घरातलं कॅलेंडर विहिरीच्या खोपीत नेऊन टांगलं आणि पाळीच्या तारखांवर एकाला हळदीचा ठिपका, दुसऱ्याला कुंकवाचा दिला. मोटर जळाली तर खर्च कोणाचा, ते अजून ठरायचंय.